शरीराच्या दिशा, प्रतले आणि हालचाली: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत नर्सिंग, फिजिओथेरपी किंवा एक्स-रे तंत्रज्ञान शिकायला लागलेले विद्यार्थी, तसेच कबड्डीचे प्रशिक्षक, योगशिक्षक आणि आशा सेविका यांना पुन्हा पुन्हा पडणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. रुग्णालयात ज्या रूपात या संज्ञा बोलल्या जातात, त्याच रूपात त्या देवनागरीत लिहिल्या असून अर्थ मराठीत दिला आहे. एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करावी: यातील प्रत्येक संज्ञा त्या माणसाच्या स्वतःच्या शरीरापासून मोजली जाते. जमीन कोणत्या बाजूला आहे किंवा पाहणारा कोठे उभा आहे, याच्याशी तिचा संबंध नसतो.

वर, खाली, पुढे, मागे हे शब्द असताना वेगळ्या संज्ञा कशाला हव्यात?

कारण शरीर स्थिर राहत नाही. भाताची लावणी करताना वाकलेल्या बाईची पाठ आकाशाकडे असते आणि डोके जवळजवळ गुडघ्यांच्या पातळीला येते. त्या क्षणी "कमरेच्या वर दुखते" असे ती म्हणाली, तर तिला पाठ म्हणायची आहे की बरगड्या, हे ऐकणाऱ्याला ठरवता येत नाही. समोर बसून बोलताना हात लावून जागा दाखवता येते, पण लिहिताना ती सोय नसते. सिंधुदुर्गातील पुष्कळ गंभीर रुग्ण पुढील उपचारांसाठी गोव्यात बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात किंवा कोल्हापूरला पाठवले जातात, आणि रुग्णाबरोबर जातो तो एक कागद. तो वाचणाऱ्या डॉक्टरने रुग्णाला पहिल्या वेळी पाहिलेले नसते. म्हणून कागदावरचा शब्द एकाच अर्थाचा असावा लागतो.

प्रमाण स्थिती म्हणजे नेमके काय?

सगळ्या संज्ञा ज्या एका ठरलेल्या उभेपणावरून मोजल्या जातात, ती ही स्थिती. रुग्णालयात तिला ॲनाटॉमिकल पोझिशन म्हणतात. माणूस ताठ उभा आहे, चेहरा आणि नजर समोर आहे, हात शरीराच्या दोन्ही बाजूंना सरळ सोडलेले आहेत, तळहात पुढच्या दिशेला वळलेले आहेत, अंगठे बाहेरच्या बाजूला आहेत, आणि पावले जवळजवळ ठेवून बोटे समोर केलेली आहेत.

यातली तळहातांची अट नवख्या विद्यार्थ्यांना खटकते, कारण सहज उभे राहिल्यावर आपले तळहात मांड्यांकडे वळलेले असतात. ही अट घालण्याला कारण आहे. कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडे असतात: अंगठ्याच्या बाजूची रेडियस आणि करंगळीच्या बाजूची अल्ना. तळहात पुढे असताना ही दोन हाडे एकमेकांना समांतर राहतात. तळहात मागे वळवला की रेडियस अल्नाला ओलांडून जाते. हाडे समांतर असतानाच हाताच्या आतल्या-बाहेरच्या बाजूंना कायमची नावे देता येतात.

रुग्ण खाटेवर आडवा असो, खुर्चीत बसलेला असो वा स्ट्रेचरवर कुशीला वळलेला असो, लिहिणाऱ्याने त्याला मनात या स्थितीत उभे करावे आणि मगच शब्द निवडावा.

उजवे-डावे कोणाचे धरायचे?

नेहमी रुग्णाचे. समोर उभ्या असलेल्या परिचारिकेच्या डाव्या हाताला जे दिसते, ते रुग्णाचे उजवे असते. एक्स-रे फिल्म पाहतानाही रुग्ण आपल्यासमोर तोंड करून उभा आहे असे धरले जाते, म्हणून फिल्मच्या डाव्या कडेला रुग्णाची उजवी बाजू येते. सीटी स्कॅनचे आडवे छेद रुग्णाच्या पायांकडून पाहिल्यासारखे मांडलेले असतात; त्यामुळे उजव्या बाजूचे यकृत पडद्यावर डावीकडे दिसते. फिल्मवर उजवी किंवा डावी बाजू दाखवणारी खूण लावलेली असते, आणि ती वाचल्याशिवाय बाजू लिहू नये.

सुपीरियर, इन्फीरियर, अँटिरियर आणि पोस्टिरियर यांचा अर्थ काय?

डोक्याकडची दिशा सुपीरियर आणि पायांकडची इन्फीरियर. नाक हनुवटीच्या सुपीरियर आहे, बेंबी छातीच्या हाडाच्या इन्फीरियर आहे. शरीराची पुढची बाजू अँटिरियर आणि पाठीकडची पोस्टिरियर. अन्ननलिका श्वासनलिकेच्या पोस्टिरियर असते, म्हणजे तिच्या मागे. हे शब्द नेहमी दोन गोष्टींची तुलना करतात. "हृदय सुपीरियर आहे" हे विधान अपुरे आहे. ते श्वासपटलाच्या सुपीरियर आहे, असे म्हटल्यावर अर्थ पूर्ण होतो.

मीडियल आणि लॅटरल यांत गोंधळ का होतो?

डोक्यापासून दोन पायांच्या मधोमध जाणारी एक सरळ रेषा कल्पावी. तिच्याकडची बाजू मीडियल, तिच्यापासून लांबची लॅटरल. डोळे नाकाच्या लॅटरल आहेत, नाक कानांच्या मीडियल आहे. इथवर कोणाचे चुकत नाही.

चुकते ते हाताच्या बाबतीत. तळहात खाली करून टेबलावर हात ठेवला की अंगठा शरीराच्या मध्याकडे येतो, आणि विद्यार्थी अंगठ्याला मीडियल म्हणून मोकळा होतो. प्रमाण स्थितीत मात्र अंगठा बाहेर आणि करंगळी आत असते. म्हणून करंगळीची बाजू मीडियल आणि अंगठ्याची लॅटरल. पायात उलटे आहे: अंगठा मीडियल, करंगळी लॅटरल. नडगीचे जाड हाड म्हणजे टिबिया मीडियल बाजूला असते आणि बारीक हाड फिब्युला लॅटरल बाजूला. घोट्याची आतली गाठ टिबियाची, बाहेरची फिब्युलाची. ही दोन टोके स्वतःच्या पायावर बोटाने चाचपून पाहावीत. बाहेरची गाठ आतल्या गाठीपेक्षा थोडी खाली उतरलेली लागते. घोटा मुरगळण्याच्या प्रश्नात ती पुढे कामी येणार आहे.

प्रॉक्सिमल आणि डिस्टल केव्हा वापरायचे?

मुख्यतः हातापायांसाठी. अवयव धडाला जेथे जोडलेला आहे, त्या मुळाकडची दिशा प्रॉक्सिमल आणि टोकाकडची डिस्टल. कोपर मनगटाच्या प्रॉक्सिमल आहे, बोटे मनगटाच्या डिस्टल आहेत. रक्तवाहिन्या आणि आतडी यांच्यासाठीही हेच शब्द चालतात. तेथे प्रवाहाच्या उगमाकडचा भाग प्रॉक्सिमल धरतात.

कोकणात या शब्दांचे मोल सर्पदंशात कळते. कातळावर, गवत कापताना किंवा रचलेल्या चिऱ्यांच्या फटीत हात घालताना फुरसे चावते. दंश बहुधा पावलावर किंवा बोटांवर, म्हणजे अवयवाच्या डिस्टल भागात असतो, आणि सूज तेथून प्रॉक्सिमल दिशेने चढते. रुग्ण आला की सुजेची वरची कड जेथे संपते, तेथे त्वचेवर पेनाने रेघ मारून बाजूला वेळ लिहितात. ठरावीक अंतराने कड पुन्हा पाहून नवी रेघ मारली की विष पसरण्याचा वेग त्वचेवरच नोंदला जातो. "पाय सुजला आहे" या नोंदीतून पुढच्या डॉक्टरला काहीही हाती लागत नाही. "सकाळी दहाला सुजेची कड घोट्याशी होती, साडेदहाला ती आठ सेंटिमीटर प्रॉक्सिमल सरकली" या नोंदीवरून तो निर्णय घेऊ शकतो. दंशाच्या प्रॉक्सिमल बाजूला घट्ट दोरी आवळण्याची जुनी पद्धत धोक्याची आहे, ती पाळू नये. अवयव हलू न देता रुग्णाला थेट रुग्णालयात न्यावे.

सुपरफिशियल आणि डीप म्हणजे काय?

त्वचेजवळचे ते सुपरफिशियल, आत खोल असलेले ते डीप. त्वचा स्नायूच्या सुपरफिशियल, हाड स्नायूच्या डीप. कोयत्याने झालेल्या जखमेबद्दल लिहिताना या दोन शब्दांपुढे कोणता थर उघडा पडला आहे, हेही लिहावे.

पामर, प्लांटर आणि डॉर्सल हे शब्द हातापायांसाठीच का?

हात आणि पाऊल इतके फिरतात की त्यांच्या पुढच्या-मागच्या बाजूंना स्वतःची नावे देणे सोयीचे ठरते. तळहाताची बाजू पामर, तळपायाची प्लांटर, आणि दोन्हींची उलट बाजू डॉर्सल. पावलाची डॉर्सल बाजू उभे असताना वर दिसते, तरी तिला सुपीरियर न म्हणता डॉर्सलच म्हणतात. धडाच्या बाबतीत डॉर्सल म्हणजे पाठीकडचे आणि व्हेंट्रल म्हणजे पोटाकडचे.

सुपाइन आणि प्रोन यांतला फरक कसा ओळखावा?

मराठीत यासाठी चोख शब्द आहेतच: उताणा म्हणजे सुपाइन, पालथा म्हणजे प्रोन. छाती दाबून हृदय चालू करण्याचे उपचार उताण्या स्थितीत करतात. कोविडच्या काळात श्वास अपुरा पडणाऱ्या रुग्णांना पालथे झोपवले जात असे, कारण त्यामुळे फुप्फुसांचा पाठीकडचा भाग चांगला उघडतो आणि रक्तातील ऑक्सिजन सुधारतो.

समुद्रकिनारी राहणाऱ्यांनी तिसरी स्थितीही लक्षात ठेवावी. बुडताना वाचवलेला माणूस बेशुद्ध असला तरी नीट श्वास घेत असेल, तर त्याला कुशीवर वळवतात, म्हणजे तोंडातले पाणी आणि उलटी बाहेर पडते. याला लॅटरल स्थिती म्हणतात, आणि जी कूस खाली असते तिचे नाव तिला मिळते: डावी कूस जमिनीला टेकलेली असेल तर ती लेफ्ट लॅटरल.

तीन प्रतले कोणती?

प्रतल म्हणजे शरीरातून कल्पिलेला सपाट काप. सॅजायटल प्रतल शरीराचे उजवा आणि डावा असे भाग करते. ते बरोबर मधोमध गेले तर त्याला मीडियन म्हणतात. कोरोनल किंवा फ्रंटल प्रतल पुढचा भाग मागच्यापासून वेगळा करते. ट्रान्सव्हर्स प्रतल आडवे जाते आणि वरचा भाग खालच्यापासून वेगळा करते.

कोकणातल्या विद्यार्थ्याला हे मासळीवरून सर्वांत लवकर उमजते. सुरमईचे गोल तुकडे पाडले की प्रत्येक तुकडा हा ट्रान्सव्हर्स छेद असतो: मधोमध कण्याचा मणका, वर पाठीचे मांस, खाली पोटाची पोकळी, आणि दोन्ही अंगांना उजवी-डावी बाजू. सुकवण्यासाठी बांगडा लांबीने मधून चिरून उघडला तर तो काप सॅजायटल. पाठ आणि पोट वेगळे करणारा कोरोनल काप मात्र स्वयंपाकघरात कोणी घेत नाही, म्हणून तो कल्पनेनेच समजून घ्यावा लागतो. सीटी स्कॅनमध्ये माणसाचे जे छेद दिसतात, ते सुरमईच्या तुकड्यांसारखे एकामागून एक रचलेले असतात, आणि संगणक त्यांवरून उरलेल्या दोन प्रतलांतली चित्रे तयार करतो.

हालचाल एखाद्या प्रतलात होते, म्हणजे काय होते?

प्रत्येक सांध्याची हालचाल एका काल्पनिक रेषेभोवती फिरते. त्या रेषेला अक्ष म्हणावे. अक्ष प्रतलाला काटकोनात असतो. पुढे-मागे होणारी हालचाल सॅजायटल प्रतलात होते आणि तिचा अक्ष डावीकडून उजवीकडे जातो. बाजूला होणारी हालचाल कोरोनल प्रतलात होते, तिचा अक्ष पुढून मागे जातो. वळण्याची हालचाल ट्रान्सव्हर्स प्रतलात होते, तिचा अक्ष उभा असतो. होडी वल्हवताना खांदे आणि कोपरे मुख्यतः सॅजायटल प्रतलात काम करतात. खाडीच्या काठावर उभे राहून पाग (फेकायचे जाळे) टाकणारा माणूस मात्र कंबर पिळून ट्रान्सव्हर्स प्रतलात धड फिरवतो आणि त्याच वेळी खांदे उचलतो. प्रत्यक्ष कामात शुद्ध एका प्रतलातली हालचाल क्वचितच सापडते. प्रतले वर्णनासाठी आहेत, स्नायूंना त्यांची बंधने नाहीत.

फ्लेक्शन आणि एक्स्टेन्शन कसे ओळखावे, आणि गुडघा उलटा का वागतो?

सांध्याचा कोन लहान करणारी हालचाल फ्लेक्शन, म्हणजे वाकवणे. कोन मोठा करून अवयव सरळ करणारी एक्स्टेन्शन. कोपर दुमडणे, मूठ मिटणे, मान खाली घालणे ही सगळी फ्लेक्शन आहेत. माडावरचे नारळ तयार झाले का, हे खालून पाहताना मान मागे जाते, ते एक्स्टेन्शन. खांदा आणि खुबा या सांध्यांत कोनाची व्याख्या फारशी उपयोगी पडत नाही, म्हणून तेथे दिशा लक्षात ठेवावी: हात किंवा मांडी पुढे गेली की फ्लेक्शन, मागे गेली की एक्स्टेन्शन.

गुडघ्यात हा नियम फिरतो. गुडघा वाकवला की पाय मागे जातो, तरीही ते फ्लेक्शनच. याचे उत्तर गर्भावस्थेत आहे. भ्रूणाच्या वाढीच्या सुमारे सहाव्या ते आठव्या आठवड्यांत हात आणि पाय आपापल्या लांबीभोवती विरुद्ध दिशांना वळतात: हात बाहेरच्या बाजूला, पाय आतल्या बाजूला. त्यामुळे कोपर मागे टोक करून राहते आणि गुडघा पुढे. हात सरळ करणारे स्नायू दंडाच्या मागे येतात, तर पाय सरळ करणारे मांडीच्या पुढे. हे कारण एकदा समजले की पाठांतराची गरज राहत नाही.

ॲबडक्शन आणि ॲडक्शन हे शब्द कानाला सारखेच लागतात. काय करावे?

मध्यरेषेपासून दूर नेणे ॲबडक्शन, मध्यरेषेकडे आणणे ॲडक्शन. ऐकण्यातल्या चुकीचा परिणाम रुग्णाच्या व्यायामावर होतो, म्हणून तोंडी सांगताना पहिली दोन अक्षरे सुटी उच्चारून "ए-बी-डक्शन" आणि "ए-डी-डक्शन" असे म्हणण्याची पद्धत आहे, आणि ती सर्वांनी अंगी लावून घ्यावी.

खांद्याचे पूर्ण ॲबडक्शन, म्हणजे हात बाजूने उचलून कानापर्यंत नेणे, सुमारे १८० अंशांचे असते. त्यातले सुमारे १२० अंश खांद्याच्या मूळ सांध्यात होतात आणि उरलेले सुमारे ६० खांद्याच्या फऱ्याच्या, म्हणजे पाठीवरच्या चपट्या हाडाच्या, सरकण्यातून येतात. खांदा आखडलेल्या रुग्णात मूळ सांधा अडतो आणि फरा त्याची भरपाई करू पाहतो. म्हणून तपासताना एक हात फऱ्यावर ठेवून नेमके काय हलते आहे ते पाहावे.

बोटांची मध्यरेषा शरीराची नसते. हातात ती मधल्या बोटातून जाते आणि पायात अंगठ्याशेजारच्या बोटातून. बोटे फाकवणे ॲबडक्शन, जुळवणे ॲडक्शन. अंगठ्याचे वेगळेच आहे, कारण तो इतर बोटांशी जवळजवळ काटकोनात बसवलेला आहे. हात टेबलावर उताणा ठेवून अंगठा छताकडे उचलला तर ते ॲबडक्शन; तळहातावरून करंगळीकडे सरकवला तर ते फ्लेक्शन. अंगठ्याचे टोक इतर बोटांच्या टोकांना भिडवणे याला ऑपोझिशन म्हणतात. भाताच्या रोपाची काडी चिमटीत धरून चिखलात रोवली जाते, ती याच हालचालीच्या बळावर.

रोटेशन, सर्कमडक्शन, प्रोनेशन आणि सुपिनेशन: हे सगळे फिरणेच ना?

फिरणे आहे, पण प्रकार वेगळे आहेत. रोटेशनमध्ये हाड स्वतःच्या लांबीभोवती वळते. नकार देताना मान वळते तसे. सर्कमडक्शनमध्ये अवयवाचे टोक हवेत वर्तुळ काढते आणि मूळ जागीच राहते. त्यात फ्लेक्शन, ॲबडक्शन, एक्स्टेन्शन आणि ॲडक्शन क्रमाने येतात.

सुपिनेशन आणि प्रोनेशन या कोपराखालच्या हाताच्या हालचाली आहेत. देवळात गुरवाकडून तीर्थ घेताना तळहात वर होतो, ते सुपिनेशन. तोच हात पालथा केला की प्रोनेशन. या हालचाली मनगटात होतात अशी सार्वत्रिक समजूत आहे. प्रत्यक्षात रेडियस अल्नाभोवती वळते आणि मनगट तिच्याबरोबर जाते. तपासताना कोपर काटकोनात दुमडून अंगाला टेकवून घ्यावे, नाहीतर खांदा फिरतो आणि माप फसवे येते. दंडावरचा बायसेप्स हा जोरकस सुपिनेटर आहे, विशेषतः कोपर दुमडलेले असताना. उजव्या हाताने स्क्रू आवळणे ही सुपिनेशनची हालचाल आहे आणि तो सैल करणे प्रोनेशनची. त्यामुळे उजव्या हाताने काम करणाऱ्याला आवळताना जास्त जोर मिळतो.

मनगट अंगठ्याकडे झुकणे रेडियल डेव्हिएशन आणि करंगळीकडे झुकणे अल्नर डेव्हिएशन. शहाळे सोलताना कोयता खाली येतो तेव्हा मनगट अल्नर बाजूला झुकते.

एलिव्हेशन, डिप्रेशन, प्रोट्रॅक्शन आणि रिट्रॅक्शन कोठे येतात?

खांदे उचलणे एलिव्हेशन, खाली पाडणे डिप्रेशन. वल्हे पुढे टाकताना फरे पुढे सरकतात ते प्रोट्रॅक्शन, ओढताना मागे येतात ते रिट्रॅक्शन. जबड्यालाही हेच शब्द लागू होतात.

घोटा "मुरगळतो" तेव्हा नेमकी कोणती हालचाल होते?

पाऊल वर उचलून बोटे नडगीकडे आणणे म्हणजे डॉर्सीफ्लेक्शन, आणि बोटे खाली रोखणे म्हणजे प्लांटरफ्लेक्शन. तळपाय आतल्या बाजूला वळवणे इन्व्हर्जन, बाहेरच्या बाजूला वळवणे एव्हर्जन. पहिली जोडी घोट्याच्या सांध्यात होते, दुसरी मुख्यतः त्याच्या खालच्या सांध्यात.

पावसाळ्यात जांभ्या दगडाच्या पाखाडीवर शेवाळ धरते आणि उतरताना पाय सटकतो. उतरणारे पाऊल खालची पायरी शोधत असते, म्हणजे ते प्लांटरफ्लेक्शनमध्ये असते. या स्थितीत घोटा सर्वांत ढिला असतो, कारण घोट्याच्या खोबणीत बसणारे टॅलस हाड पुढे रुंद आणि मागे अरुंद आहे, आणि पाऊल खाली रोखले की त्याचा अरुंद भाग खोबणीत येतो. अशा वेळी पाऊल आत वळले की बाहेरच्या बाजूचे अस्थिबंध ताणले जातात किंवा फाटतात. सर्वांत जास्त दुखावतो तो फिब्युलापासून टॅलसकडे पुढच्या बाजूने जाणारा अस्थिबंध. आतल्या बाजूचा अस्थिबंध रुंद आणि बळकट आहे, शिवाय बाहेरची गाठ जास्त खाली उतरलेली असल्यामुळे पाऊल बाहेर वळण्यास अटकाव करते. म्हणून एव्हर्जनच्या दुखापती कमी दिसतात. नोंद करताना "पाय मुरगळला" एवढ्यावर न थांबता, पाऊल आत वळले की बाहेर, हे रुग्णाला विचारून लिहावे. दुखापत कोणत्या बाजूला शोधायची, हे त्या एका उत्तरावरून ठरते.

माडावर चढण्याची हालचाल या संज्ञांत कशी मांडता येईल?

ही मांडणी अभ्यासासाठी उत्तम आहे, कारण तीत जवळजवळ सगळ्या संज्ञा येतात. पायांत दोरीचा फास अडकवून चढणारा गडी पाहावा. पाय वर घेताना त्याच्या खुब्यात फ्लेक्शन, ॲबडक्शन आणि बाहेरच्या दिशेचे रोटेशन होते, म्हणून गुडघे बाहेर फाकलेले दिसतात. गुडघ्यांत फ्लेक्शन असते. पावले इन्व्हर्जनमध्ये जातात, कारण दोन्ही तळपाय समोरासमोर येऊन खोडाला दोन्ही अंगांनी आवळतात. मग शरीर वर ढकलताना खुबे आणि गुडघे एक्स्टेन्शनमध्ये येतात. त्याच वेळी वर धरलेले हात कोपरांच्या फ्लेक्शनने आणि खांद्यांच्या ॲडक्शनने धड खोडाजवळ ओढून ठेवतात. बोटांचे फ्लेक्शन सुटले तर सगळेच सुटते. चढणाऱ्याच्या खांद्याची किंवा खुब्याची तक्रार तपासताना यातली कोणती हालचाल दुखते, हे एकेक करून पाहिले तर दुखणाऱ्या स्नायूपर्यंत लवकर पोचता येते.

लावणीच्या दिवसांत कंबर का धरते, हे या भाषेत सांगता येईल का?

सांगता येते. गुडघे जवळजवळ सरळ ठेवून वाकले की मांडीच्या मागचे स्नायू ताणले जातात आणि ते कमरेच्या हाडाला पुढे झुकू देत नाहीत. खुब्याचे फ्लेक्शन तेथे अडते, आणि उरलेले सगळे वाकणे कमरेच्या मणक्यांना करावे लागते. हे फ्लेक्शन तासन्तास टिकते. मधूनच समोर पाहण्यासाठी मान मात्र एक्स्टेन्शनमध्ये जाते. गुडघे थोडे वाकवले तर मांडीमागचा ताण सैल होतो आणि खुबा आपला वाटा उचलतो. अधूनमधून ताठ उभे राहून कंबर हलकेच मागे नेणे, म्हणजे एक्स्टेन्शन करणे, याने बऱ्याच जणींना आराम पडतो. पायात मुंग्या येत असतील किंवा जोर कमी झाला असेल, तर व्यायाम न करता डॉक्टरांना दाखवावे.

कमरेवर पाण्याची कळशी घेऊन चालताना धड विरुद्ध बाजूला झुकते, ते लॅटरल फ्लेक्शन. कळशी रोज एकाच कुशीला घेण्याऐवजी बाजू बदलावी.

हालचाल अंशांत कशी मोजतात?

प्रमाण स्थितीला शून्य अंश धरतात आणि तेथून पुढे मोजतात. दोन भुजांचे आणि मधे कोनमापक असलेले गोनिओमीटर यासाठी वापरतात. निरोगी प्रौढात कोपराचे फ्लेक्शन साधारण १४५ ते १५०, गुडघ्याचे साधारण १३५ ते १४०, खुब्याचे साधारण १२०, घोट्याचे डॉर्सीफ्लेक्शन साधारण २० आणि प्लांटरफ्लेक्शन साधारण ५० अंश असते. वय, सवय आणि बांधा यांनुसार यात फरक पडतो. आयुष्यभर उकिडवे बसून मासळी निवडणाऱ्या बाईचा गुडघा कार्यालयात बसणाऱ्या माणसाच्या गुडघ्यापेक्षा जास्त वाकू शकतो. म्हणून पुस्तकातल्या आकड्याआधी त्याच रुग्णाच्या दुसऱ्या, न दुखणाऱ्या बाजूशी तुलना करावी.

ही नावे कोणी ठरवली?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपात शरीराच्या भागांना मिळून सुमारे ५०,००० नावे रूढ होती. एकाच भागाला देशोदेशी वेगळी नावे होती. १८९५ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे ती छाटून सुमारे ५,००० वर आणण्यात आली. १९५५ मध्ये पॅरिस येथे आंतरराष्ट्रीय यादी मान्य झाली आणि १९९८ मध्ये तिची जागा 'टर्मिनोलॉजिया ॲनाटॉमिका' या यादीने घेतली. अलिबाग, रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेला शब्द जगात कोठेही त्याच अर्थाने वाचला जातो, तो यामुळे.

गुरांना आणि माशांना हेच शब्द लावता येतात का?

थेट लावता येत नाहीत. चार पायांवर चालणाऱ्या गाईचे पोट जमिनीकडे असते, म्हणून पशुवैद्य अँटिरियर-पोस्टिरियर हे शब्द शक्यतो टाळून डोक्याकडच्या दिशेला क्रेनियल, शेपटीकडच्या दिशेला कॉडल, पाठीला डॉर्सल आणि पोटाला व्हेंट्रल म्हणतात. माशांनाही हीच पद्धत लागू पडते. लेप हा मासा यात विशेष आहे: वाळूवर तो आडवा पडून राहतो, पण त्याची खालची बाजू पोटाची नसून शरीराची एक कूस असते, आणि वाढीच्या काळात त्या कुशीचा डोळा सरकून वरच्या बाजूला आलेला असतो. त्याची वरची-खालची अंगे म्हणून लॅटरलच ठरतात.

जखमेची किंवा दंशाची जागा कागदावर कशी लिहावी?

आधी बाजू लिहावी, आणि ती "उजवा" किंवा "डावा" अशी पूर्ण शब्दात. आद्याक्षर घाईत चुकीचे वाचले जाते. मग अवयव, मग त्याचा पृष्ठभाग, आणि शेवटी हाताला लागणाऱ्या एखाद्या पक्क्या हाडापासूनचे अंतर आणि दिशा. दोन दिशा एकत्र करायच्या असतील तर जोडशब्द वापरावा: अँटिरोलॅटरल म्हणजे पुढची आणि बाहेरची बाजू. अंतर बोटांच्या मापाने न सांगता टेपने सेंटिमीटरमध्ये मोजावे. नमुना असा: "उजवा पाय, नडगीचा अँटिरोलॅटरल पृष्ठभाग, घोट्याच्या लॅटरल गाठीपासून ६ सेंटिमीटर प्रॉक्सिमल, दंशाच्या दोन खुणा, सुजेची कड त्याच गाठीपासून १४ सेंटिमीटर प्रॉक्सिमल, वेळ सायंकाळी ६.२०."